शब्दचर्चा: 'अँटी-एलियसिंग – ट्रान्स्परन्सी'ला मराठीत काय लिहावं?

तिरपी_रेघ:
एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमधल्या थ्रीडी सेटिंगांवर मराठी टिपण लिहिणं चाललंय. गेममधल्या तिरप्या कडा पायऱ्यांसारख्या दातेरी दिसू नयेत म्हणून असते त्या अँटी-एलियसिंगला (एए) 'कडा गुळगुळीत करणे' असं लिहिलं. त्याच यादीत खाली 'अँटी-एलियसिंग – ट्रान्स्परन्सी' अशी वेगळी ओळ आहे. पर्याय ऑफ, मल्टिसँपल, सुपरसँपल. तिथे 'पारदर्शक कडा गुळगुळीत करणे' लिहिलं, तर तपासणाऱ्यांचा शेरा आला : 'काचेला कुठल्या दातेरी कडा?' पर्यायी शब्द मात्र त्यांनीही दिला नाही. काय लिहावं?

जुना_ड्रायव्हर:
शेरा रास्त आहे. इथल्या ट्रान्स्परन्सीचा काचेशी किंवा पाण्याशी संबंध नाही. गेममधलं पान, तारेचं कुंपण, जाळी म्हणजे बहुतेक वेळा एक सपाट चौकोन. त्यावर चित्र डकवलेलं असतं आणि चित्रातला रिकामा भाग शेडर (पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम) पिक्सेलगणिक टाकून देतो, एकतर पूर्ण पिक्सेल राहतो नाहीतर पूर्ण जातो. एमएसएए, म्हणजे नेहमीचं मल्टिसँपल एए, बघतं ते त्रिकोणाच्या कडा (गेममधली प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनलेली असते). ४एक्स असेल तर एका पिक्सेलमध्ये चार ठिकाणी त्रिकोण पोचतो का ते तपासतं, रंग मात्र त्या त्रिकोणापुरता एकदाच काढतं. पानाची कड ही त्रिकोणाची कडच नसल्याने ती त्याला दिसत नाही. म्हणून कठडा स्वच्छ आणि त्यामागचं कुंपण करवतीसारखं.

ती ओळ याच दुखण्यावर आहे. मल्टिसँपलला चित्राच्या अपारदर्शकतेवरून त्या चार ठिकाणांपैकी, म्हणजे नमुन्यांपैकी, किती भरायचे ते ठरतं. हे स्वस्तात होतं. सुपरसँपलला अशा पृष्ठभागांपुरता रंगसुद्धा प्रत्येक नमुन्यासाठी वेगळा काढतात, त्यामुळे गवताळ रानात शिरलं की फ्रेम कोसळतात. आणि मूळ एमएसएए बंद असेल तर या ओळीचा काही उपयोग नाही, हेही टिपणात घाला. शब्द म्हणाल तर 'जाळी-पानांच्या कडा'.

निर्भेळ:
'जाळी-पानं' हे वर्णन झालं, संज्ञा नव्हे. मराठीत तयार शब्द आहे : दंतुर. भूगोलात 'कोकणचा किनारा दंतुर आहे' हे सगळ्यांनीच घोकलेलं असतं. तर दंतुरतानिवारण. आणि दुसऱ्या ओळीला छिद्रपटल-दंतुरतानिवारण.

चालतंय_की:
मेनूतल्या त्या ओळीत एवढं मावणार आहे का? खेळणारी पोरं 'एए बंद कर, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढेल' असं म्हणतात. तेच लिहा. समजवायचंच असेल तर 'दातेरी कडा' पुरे, तो शब्द घरातला आहे. दंतुर किनाऱ्यालाच राहू दे.

खडू_फळा:
दात मोजण्यात मूळ शब्द हरवला. एलियस म्हणजे उर्फ, दुसऱ्या नावाने वावरणारा. नमुने विरळ घेतले की बारीक तपशील नाहीसा होत नाही, तो ठसठशीत तपशिलाचं सोंग घेऊन हजर होतो. नमुने घेण्याबद्दलचा नायक्विस्टचा दंडक तोच आहे : सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक नमुने हवेत, नाहीतर खरं-खोटं निवडता येत नाही. चित्रपटात चाक उलटं फिरताना दिसतं ते यामुळेच, तिथे कडांचा प्रश्नच नाही. टीव्हीवर बारीक चौकड्यांच्या शर्टावर इंद्रधनुषी लाटा उठतात, त्याही याच जातीच्या. मराठीत याला नेमका शब्द आहे : तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा निघाला होता तसा. एलियसिंग म्हणजे तोतयेगिरी, अँटी-एलियसिंग म्हणजे तोतयाबंदी.

चालतंय_की:
'तोतयाबंदी : ४एक्स'. हे वाचून कोणीही कार्ड परत करून येईल.

जुना_ड्रायव्हर:
हसा, पण खडू_फळा यांचा मुद्दा सेटिंग निवडताना कामाला येतो. 'कडा' म्हटलं की वाचक एमएसएए वाढवत बसतो. ओल्या रस्त्यावरची चमक किंवा लांबच्या कौलांची चुळबुळ मात्र ८एक्सनेही थांबत नाही, कारण ती पृष्ठभागाच्या आत असते. तिथे तीन वाटा आहेत. एक, सरळ जास्त पिक्सेल काढून आकसायचे. १९२०×१०८० ऐवजी ३८४०×२१६० म्हणजे चौपट काम. दुसरी टीएए (टेंपोरल, म्हणजे काळावर पसरलेलं एए) : प्रत्येक फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या अंशाने हलवून मागच्या फ्रेमांशी मिसळायचं. चुळबुळ थांबते, पण चित्र मऊ पडतं, आणि ज्या गोष्टींच्या गतीची नोंद गेम ठेवत नाही (पाऊस, ठिणग्या) त्यांच्यामागे शेपूट राहतं. ३० एफपीएसला ते ६०पेक्षा जास्त वेळ टिकतं. तिसरी डीएलएए (एनव्हिडियाचं एआयवर चालणारं एए), एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल आणि गेममध्ये सोय असेल तर. पाया टीएएचाच, पण मागचं किती घ्यायचं हे प्रशिक्षित मॉडेल ठरवतं.

एफएक्सएए हा झटपट प्रकार मी यात धरत नाही. ते तयार चित्रातला रंगांचा फरक पाहून तिथे पुसट करतं. कंट्रोल पॅनलमधून लादलं तर गेममधली अक्षरंही पुसट होतात.

निर्भेळ:
'सँपल'ला 'नमुना' म्हणणाऱ्यांना आठवण : नमुना फारसीतून आलेला आहे. आपल्याकडे वानगी आहे. बहुवानगी, अतिवानगी.

चालतंय_की:
'वानगीदाखल'पलीकडे वानगी कोण वापरतं आता? आणि फारसी वगळायची तर कागद, शाई, दुकान सगळंच खाली ठेवा. 'उर्फ'सुद्धा अरबी, म्हणजे खडू_फळांचा धडाही गेला.

तिरपी_रेघ:
मंडळी, मेनू. '४एक्स'चं 'चौपट' केलं तर चालेल ना? आणि अँटी-एलियसिंगच्या मोडच्या ओळीत 'एन्हान्स' आणि 'ओव्हरराइड' आहेत. 'वाढवा' आणि 'डावला' असं लिहू का?

जुना_ड्रायव्हर:
'चौपट' अजिबात नको. मल्टिसँपलचे ४एक्स म्हणजे पिक्सेलमागे चार नमुने. मेमरी त्या प्रमाणात लागते, काम चौपट होत नाही. १०८०ला पिक्सेलमागे रंगाचे ४ बाइट आणि खोलीचे (कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचे) ४ बाइट धरले तर साधारण १७ एमबीचे ६६ एमबी होतात. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंगचे १६एक्स ही वेगळीच गोष्ट, तिरक्या पृष्ठभागावरच्या चित्राची. डीएसआरचे (मोठं चित्र काढून पडद्यापुरतं आकसण्याची एनव्हिडियाची सोय) ४.००एक्स हे एकूण पिक्सेलांचं माप आहे, म्हणजे बाजू दुप्पट, २.२५एक्सला २८८०×१६२०. उलट बऱ्याच गेममधला रेंडर स्केल (चित्र किती मोठं काढायचं ते) बाजूवर मोजतात, त्यामुळे १२५ टक्के म्हणजे पिक्सेल १.५६ पट. ४एक्स आहे तसंच ठेवा.

'वाढवा' लिहिलंत तर वाचकाला वाटेल की बंद एएसुद्धा वाढेल. एन्हान्सला गेममध्ये एए सुरू असावंच लागतं. त्यावर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आपलं मोजमाप बसवतो. म्हणून 'गेमच्या एएवर भर'. ओव्हरराइडला 'गेमचं सोडून ड्रायव्हरचं'. मोड 'ॲप्लिकेशन-कंट्रोल्ड'वर असेल तर खालची 'सेटिंग' ओळ राखाडी दिसते, तिला बिघाड समजू नये. हे दोन्ही मोड मुख्यतः डायरेक्टएक्स ९च्या (विंडोजवर गेमचं चित्र काढायची मायक्रोसॉफ्टची जुनी प्रणाली) काळातल्या गेमसाठी. पुढचे गेम चित्राचे थर स्वतःच जुळवतात, ड्रायव्हरला मध्ये शिरायला फट उरत नाही, त्यामुळे ८एक्स लादूनही काही बदलत नाही. ग्लोबल टॅबऐवजी प्रोग्राम सेटिंग्जच्या टॅबमध्ये गेमची एक्सई निवडून बदल करा.

खडू_फळा:
'गेमच्या एएवर भर' यात शेवटी एएच राहिलं की. मग तोतया काय वाईट होता?

निर्भेळ:
तोतया नकारार्थी आहे. सेटिंगचं नाव होकारार्थी असावं. चांगल्या कडा या अर्थी 'सुकटी'?

चालतंय_की:
सुकट म्हणजे वाळवलेली मासळी, मालक.

तिरपी_रेघ:
डीएसआरचा विषय निघालाच आहे तर, त्याच्या खाली 'स्मूदनेस' नावाची पट्टी आहे, ती ३३ टक्क्यांवर असते. आधीच्या ओळीत 'गुळगुळीत' वापरून बसलोय. इथे काय लिहू?

जुना_ड्रायव्हर:
तिथे गुळगुळीत नको. आकसताना किती धूसर करायचं याची ती पट्टी आहे. ४.००एक्सला चार पिक्सेलांचा बरोबर एक होतो, तेव्हा ती शून्यावर आणता येते. २.२५एक्सला बाजूचं प्रमाण दीड पडतं, शून्यावर नेली तर बारीक अक्षरं आणि तारा वेड्यावाकड्या दिसतात; तिथे थोडी ठेवा.

निर्भेळ:
धूसरता चांगला शब्द आहे. संस्कृत.

चालतंय_की:
धूसरता ३३ टक्के वाचून कोण सुरू करेल हो ते?