कॉन्ट्रासाठी गळे काढणं बंद करा, खरे हरवलेले गेम वेगळेच आहेत

कळबडव्या (धागाकर्ता)

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी 'लहानपणीचे विस्मृतीत गेलेले गेम' अशी यादी टाकतं. यादीत काय असतं? कॉन्ट्रा, सर्कस, टँक, डेंजरस डेव्ह, रोड रॅश. खाली शंभर जणांचं 'काय आठवण काढलीस भावा!' अहो, जे शंभर जणांना वाचता क्षणी आठवतं ते विस्मृतीत गेलं कधी?

टीव्हीला जोडायच्या डब्यावरचे आणि शाळेच्या लॅबमधले डॉसवरचे (विंडोजच्या आधीच्या संगणकांवरचे) गेम मजेत आहेत. त्यांची बडदास्त ठेवणारे जगभर बसलेत. प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९चा. तो करणाऱ्या जॉर्डन मेकनरकडचा मूळ सोर्स कोड (गेम ज्यातून बनतो ते लिखाण) कित्येक वर्षं सापडत नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींचा खोका मिळाला, जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि कोड सगळ्यांसाठी खुला झाला. डेव्ह करणारा जॉन रोमेरो पुढे डूम या गेममुळे गाजला, म्हणून डेव्हलाही मरण नाही. स्कायरोड्स (अंतराळातल्या पट्ट्यांवरून उड्या मारत जाणारी गाडी, आठवतेय?) हा १९९३ मध्ये एस्टोनियातल्या ब्लूमूनच्या पोरांनी केला. हीच मंडळी पुढे स्काइप उभारण्यात होती. गेम आज फुकट मिळतो. हेलिकॉप्टरमधून माणसं उतरणारा पॅराट्रूपर १९८२ मध्ये ज्या ग्रेग कुपरबर्गने लिहिला, तो आता गणिताचा नावाजलेला प्राध्यापक आहे. इतकं सगळं माहीत असलेल्या गोष्टीला विस्मृती म्हणायचं असेल तर धन्य आहे.

खरे गेले ते बटणांच्या फोनवरचे जावा गेम (जावा या संगणकभाषेत लिहिलेले), साधारण २००३ ते २०१०चे. स्नेक आणि स्पेस इम्पॅक्ट सगळ्यांना आठवतात कारण ते फोनबरोबरच यायचे. नोकिया ११०० घेतला की दोन्ही आत. पण जे आपण ब्लूटूथने मित्राकडून ओढून घेतले, मोबाइलच्या दुकानात 'कार्ड भरून द्या' म्हणून भरून आणले, किंवा कंपनीच्या पोर्टलवरून उतरवताना बॅलन्स साफ झाला, त्यांचं काय? ती पोर्टलं बंद झाली, फोन भंगारात गेले. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या इंडियागेम्सने ढिगाने मोबाइल गेम काढले. कंपनी पुढे यूटीव्हीकडे आणि नंतर डिस्नेकडे गेली. गूगल न करता त्यांच्या पाच गेमची नावं सांगून दाखवा.

आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी केलेले गेम गेले, आणि आपण जपानी कॉन्ट्रासाठी रडतोय.

दोन_पेंग्विन

वाद बाजूला ठेवून एक विचारते. डब्यावर एक गेम होता. दोन पेंग्विन, एक उजवीकडे न्यायला गेलं की दुसरा आपोआप डावीकडे जायचा, आरशातल्यासारखा. मध्ये कोळी, आणि वर पिंजऱ्यात पत्त्यातला असतो तसा बदाम. दोघांना एकाच वेळी बदामाच्या दोन बाजूंना पोचवायचं. माझा भाऊ म्हणतो असा गेम नव्हताच, मी स्वप्नात पाहिला.

मुस्तफाचा_चाहता

बायनरी लँड. हडसन सॉफ्ट, १९८५. भावाला पाठवा हे.

कळबडव्या

बघा! काही मिनिटांत नाव, कंपनी, सालासकट हजर. आता माझा ओळखा. रंगीत छोटा स्क्रीन, गल्ली क्रिकेट, ५ दाबलं की फटका, चेंडू खिडकीवर गेला की बाई बाहेर येऊन ओरडायची. टाका उत्तर.

(वाट बघतोय.)

तापकीर गल्ली

धागाकर्ते, 'गेम मजेत आहेत' हे तुम्ही फाईल बघून बोलताय. माझा धंदा दुरुस्तीचा, मी वस्तू बघून बोलतो.

डक हंट घ्या. डब्याबरोबर प्लास्टिकची बंदूक यायची. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. बंदुकीच्या नळीत डोळा असतो, तो फक्त एवढंच बघतो की आधी अंधार, मग उजेड, तोही बरोबर त्या क्षणी. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हा हिशोब जमायचा. आताचा एलईडी टीव्ही चित्र आधी स्वतः चघळतो आणि मग दाखवतो, त्यामुळे बंदूक तोपर्यंत 'चुकला' म्हणून मोकळी. गिऱ्हाईक येतं, 'बंदूक बिघडली.' बंदूक ठणठणीत असते हो, टीव्ही तिच्या कामाचा नाही. एमुलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) तोच गेम माऊसने टिचक्या मारून खेळता येतो. त्याला तुम्ही डक हंट जिवंत आहे म्हणा, मी नाही म्हणणार.

आणि '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेट? त्यात खरे गेम मोजकेच. तोच टँक पुन्हा पुन्हा, कधी दुसऱ्या लेव्हलपासून, कधी गोळ्यांचा वेग वाढवून, कधी रणगाडा भिंतीतून जाणारा. नावंही भलतीच. ह्या करामती कुणी केल्या, कुठल्या कारखान्यात केल्या, कुणाला पत्ता नाही. या टँकचा मूळ गेम बॅटल सिटी, तो नामकोने १९८५ मध्ये काढला, तो जपला गेलाय, मान्य. पण आपण तो खेळलोच नाही. आपण खेळलो ती ही भेसळ, आणि तिचं दप्तर कुणी ठेवलेलं नाही.

कळबडव्या

भेसळीच्या कॅसेटची चिप वाचून फाईल नेटवर चढवणारे लोक आहेत, बरेच आहेत. बंदुकीचा मुद्दा मात्र बिनतोड.

मुस्तफाचा_चाहता

मी इथे पेंग्विनची चौकशी सोडवायला आलो नव्हतो, भांडायलाच आलो होतो.

'ज्याची आठवण सगळ्यांना आहे ते सुरक्षित', हे तुमचं गृहीतकच पोकळ आहे. पार्लरमध्ये एक रुपयाचं नाणं टाकून महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या पोरांनी खेळलेला गेम कुठला? मुस्तफा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. पिवळ्या टोपीच्या मुस्तफासाठी मारामाऱ्या व्हायच्या, बाकीचे तिघे कुणालाच नको असायचे. आता हा गेम पैसे देऊन विकत घेऊन दाखवा. कुठल्याही कन्सोलवर, कुठल्याही दुकानात. मिळत नाही! तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला आहे, वर नावात मोटारीचा ब्रँड. परवान्यांचा असा गुंता की कॅपकॉमने जुने पार्लर गेम एकत्र करून पुन्हा पुन्हा विकले, पण त्यात हा नाही.

वर गंमत बघा. पार्लरच्या मशीनमधल्या त्याच्या अस्सल सर्किट बोर्डावर एक बॅटरी असते. गेमचा काही कोड कुलूपबंद आहे आणि किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर टिकते. बॅटरी मेली की बोर्ड मेला. मेम नावाचा एमुलेटर १९९७ पासून आहे आणि हौशी लोकांनी ते कुलूप फोडलं, म्हणून तर आज मुस्तफा दिसतोय. कायद्याने चाललो असतो तर संपला होता. लोकांनी लक्षात ठेवणं आणि मालकाने ठेवणं यात फरक आहे, धागाकर्ते.

न्यूजर्सीचा नाना

वरच्याला +१. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला होता. इथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे बाजारात नाहीत. जिथे हा धंदा वाढला तिथली ही गत. आपल्याकडे कुणी मोजलेलंही नाही.

मला फक्त 'आपल्या माणसांनी केलेले' हे जरा जास्त झालं. हनुमान: बॉय वॉरियर आठवतो का कुणाला? हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने प्लेस्टेशन २ साठी केलेला, २००९. भारतातच बनलेला पहिला कन्सोल गेम म्हणून केवढा गाजावाजा! त्याच वर्षी देसी अड्डा आला, विटी-दांडू, कबड्डी, पतंग सगळं त्यात. हौसेने भारतातून मागवले. हनुमान भाच्याने अर्ध्या तासात बाजूला ठेवला आणि मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली. आपला आहे म्हणून चांगला, असं नसतं हो.

ठाणे_पश्चिम

मी ते जावा गेम करायचो. तेव्हा पोटापाण्याचं हेच काम होतं, म्हणून अधिकारवाणीने सांगतो: गेले ते बरं झालं.

धागाकर्त्यांना वाटतंय की आम्ही काही कलाकृती घडवत होतो. आमचं काम सांगतो. एक गेम तयार झाला की तो शेकडो हँडसेटवर चालवून द्यायचा. स्क्रीन १२८ बाय १२८, मग १२८ बाय १६०, मग १७६ बाय २०८, मग २२०, मग २४० बाय ३२०. प्रत्येकासाठी चित्रं वेगळी कापायची. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० फोनवर अख्खा गेम ६४ केबीत बसवावा लागे. पहिलं बलिदान संगीताचं, मग पार्श्वभूमीचं, मग शत्रूंच्या चालण्याच्या चौकटी चारवरून दोनवर. बटणांचं तर विचारूच नका. स्क्रीनखालच्या डाव्या बटणाचा कोड नोकियात -६, मोटोरोलात -२१. एक विसरला की त्या फोनवर मेनूच उघडत नाही आणि टेस्टिंगवाली पोरगी रात्री साडेअकराला फोन करते.

आणि आतला माल? सिनेमा आला की त्याच्या नावाने जुनाच धावाधावीचा गेम, हिरोचं डोकं बदलून. क्रिकेटचा सीझन आला की मागच्या वर्षीच्याच गेमला नवे ड्रेस. खिडकीवर ओरडणारी बाई आमचीच असेल असं नाही, पण अशी बाई दहा गेमांत असणार. ही तीच बाई, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मिळणार नाही, कारण बाया सगळ्या सारख्याच होत्या.

सगळंच जपायचं म्हटलं तर गोदामं पुरणार नाहीत. लोकांनी जे लक्षात ठेवलं ते चांगलं होतं म्हणून ठेवलं. बाउन्स टेल्स २००८चा, जावाचाच गेम. अँग्री बर्ड्सवाल्या रोव्हिओने नोकियासाठी केला. तो आजही सगळ्यांना आठवतो. दम होता, टिकला.

कळबडव्या

बाउन्स टेल्स लाखो नोकियांत आधीच भरून आला होता हो, म्हणून टिकला! सिमबरोबर फुकट दिलेल्या कॉलरट्यूनला अभिजात संगीत म्हणण्यातला प्रकार आहे हा.

आणि तुमचीच पोस्ट परत वाचा. ६४ केबीत गेम बसवायला संगीत कापलं, चौकटी चारच्या दोन केल्या, -६ आणि -२१. हेच तर मला हवंय. 'आधी काय कापायचं' हे ठरवणारी माणसं ठाण्यात, पुण्यात, हैदराबादेत बसली होती आणि त्याचा कागदही उरलेला नाही. गेम टुकार होता हे मी मान्य करतो. टुकार सिनेमाची रीळंसुद्धा जपतात, कारण त्यात त्या वेळची गल्ली दिसते.

ठाणे_पश्चिम

गल्ली दिसायला १२८ बाय १२८ मध्ये काय दिसणार, कपाळ? दहा ठिपक्यांचं झाड असायचं. बरं, जपायचं कुणी? करार असे होते की घरी एक फाईल नेता यायची नाही. कंपनी बंद झाली तेव्हा सर्व्हर पुसून भंगारवाल्याला दिला. माझ्याकडे स्वतः केलेला एकही गेम नाही, आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही.

सातवी_ब

मी २००४ची. तुम्ही सगळे फोन आणि डब्यावर भांडताय, आमचे गेम तर एका तारखेला मेले. ३१ डिसेंबर २०२०, फ्लॅश (ब्राउझरमध्ये गेम चालवणारं सॉफ्टवेअर) बंद. कॉम्प्युटरच्या तासाला बाईंची पाठ वळली की आम्ही खेळायचो ते सगळे फ्लॅशचे. पण २०१८ पासूनच फ्लॅशपॉइंट नावाच्या प्रकल्पात लोक ते गोळा करत होते, टुकार-चांगलं न बघता. म्हणून आज मला सापडतात, अगदी तो भाजी कापायचा भिकार गेमसुद्धा. ठाणेकाका, तुमच्या नियमाने त्यातला एकही वाचला नसता.

सरळसोट

एवढी मोठी झालेली माणसं. वीज बिल भरलंत का?

तापकीर गल्ली

सरळसोट, भरलं, ऑनलाइन.

ज्यांना खरंच काही वाचवायचंय त्यांच्यासाठी. कपाटात जुना फोन असेल तर आधी मागचं झाकण काढून बॅटरी बघा. फुगली असेल तर चार्जर अजिबात लावू नका. नोकियाची बीएल-५सी बॅटरी अजून कुठेही मिळते, ती टाका. गेम मेमरी कार्डावर असेल तर कार्ड रीडरने संगणकावर उतरवा. शेवटी 'जार' असलेली फाईल शोधा. तीच गेम. फाईलचं नाव बदलू नका, त्यात बहुतेक वेळा स्क्रीनचं माप लिहिलेलं असतं. अँड्रॉइडवर जे२एमई लोडर नावाचं ॲप आहे, त्यावर बऱ्याचशा चालतात. गेम फोनच्याच मेमरीत असेल तर काम अवघड आहे, कुलूप असतं. फोन फेकू मात्र नका.

दोन_पेंग्विन

भाऊ म्हणतोय पेंग्विन आठवले, पण पिंजऱ्यात बदाम नव्हता, मासा होता. आता काय करू?

मुस्तफाचा_चाहता

बदामच होता. भावाचा नंबर द्या.