कारवानच्या पिल्लाला आधी लहान सशावर सोडायचं की मोठ्या?

दहिसरचा_बाळ्या
नमस्कार मंडळी. माझ्याकडे नऊ महिन्यांचा कारवान कुत्रा आहे (उंच, सडपातळ, सशामागे पळणारी शिकारी जात), नाव शेऱ्या, मंगळवेढ्याकडून मामाने आणून दिला. आम्ही राहतो दहिसरला चौथ्या मजल्यावर, हसू नका, लिफ्ट आहे. पोरगं घरात एकदम गरीब, सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पडलेलं असतं, पण खाली नेलं आणि गटाराच्या झाकणातून घूस दिसली की पट्टा हातातून गेलाच समजा. परवा माझा तळवा सोलला.
तर विषय असा की मामा बोलतो दिवाळीला गावाला घेऊन ये, ससा दाखवू, पण आधी लहान पिल्लं दाखवायची म्हणजे कुत्र्याला धरायची सवय लागते, मोठा ससा हुलकावण्या देऊन पळतो आणि पोरगं नाउमेद होतं. मी रात्री यूट्यूबवर बसलो तर तिथले गोरे लोक पण हाच वाद घालतायत, एक म्हणतो उन्हाळ्यात लहान ससे बरे, दुसरा म्हणतो त्याने कुत्रा कायमचा बिघडतो. डोक्याचं भजं झालं. कुणी अनुभवी आहे का? आणि घुशीचं पण काहीतरी सांगा.

साडेआठची_विरार
बाळ्या, वाद लहान-मोठ्याचा नाहीच आहे रे. आपल्याकडे ससा धरणं हा गुन्हा आहे, विषय संपला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून वाच, त्यात शिकारीची जी व्याख्या आहे ना त्यात नुसतं मारणं नाही, कुत्रे सोडून पाठलाग करणं पण येतं, जाळं लावणं येतं, हाकणं येतं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न केला तरी ती शिकारच. म्हणजे शेऱ्या रिकाम्या तोंडाने परत आला तरी तू अडकलास. वर मोबाईलवर व्हिडिओ काढून स्टेटसला टाकाल, म्हणजे पुरावा पण घरचाच. गावचे लोक म्हणतात ससा तर आहे, त्यात काय, पण फॉरेस्टवाला तसं म्हणत नाही.
आणि मुंबईत आरे किंवा नॅशनल पार्कच्या कडेने जाऊन बघू असा विचार असेल तर तो पण सोड. तिथे ससे आहेत, पण बिबटे पण आहेत आणि बिबट्याला कुत्रा आवडतो. तुझा शेऱ्या सशामागे आणि बिबट्या शेऱ्यामागे.

चाळीतला_शेरलॉक
मग क्रॉफर्ड मार्केटवरून एखादा पांढरा ससा आणून मैदानात सोडला तर चालेल का? तो काय जंगली नाही.

साडेआठची_विरार
शेरलॉक भाऊ, त्याला १९६० चा प्राण्यांच्या छळाचा कायदा आहे. आणि पिंजऱ्यात वाढलेला ससा पळणार कुठे, तो तिथेच नाक हलवत बसेल. असलं डोकं चालवू नका.

परळ_ते_लीड्स
कायद्याचं वरच्याने सांगितलंय ते बरोबरच आहे, मी फक्त यूट्यूबवाल्या गोऱ्यांबद्दल बोलतो कारण मी सहा वर्षं इंग्लंडात काढलीत आणि शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर त्याच्या लर्चरच्या मागे बऱ्याच वेळा चिखल तुडवलाय. (लर्चर म्हणजे आपल्या कारवानसारखा पळणारा कुत्रा आणि मेंढपाळी नाहीतर टेरिअर जातीचा कुत्रा यांचा संकर. दिसायला भणंग, डोक्याने हुशार.)
पहिली गोष्ट, तिकडचा ससा आणि आपला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. इंग्रजीत रॅबिट वेगळा, हेअर वेगळा, आपण दोघांना ससाच म्हणतो आणि सगळा घोळ तिथे होतो. रॅबिट बिळात राहतो, पाचपन्नास एकत्र. पिल्लं आंधळी, उघडी, गुलाबी जन्मतात, आई बिळाचं तोंड मातीने बुजवून जाते आणि दिवसातून एकदा येऊन पाजते. तीन आठवड्यांनी ती बाहेर येतात. आपल्या रानातला काळ्या मानेचा ससा हा हेअर. तो बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो आणि त्याची पिल्लं डोळे उघडी ठेवूनच जन्माला येतात, अंगावर केसांसकट.
कायदा पण तिकडे याच भेदावर आहे. २००४ चा हंटिंग ॲक्ट, फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये लागू, त्यात कुत्र्यांनी रानटी जनावर मारायला बंदी आहे, पण रॅबिट आणि उंदीर यांना सूट, तीसुद्धा जमीनमालकाची परवानगी असेल तर. हेअरमागे कुत्रा सोडला तर तिकडे पण केस होते.
आता लहान की मोठा. मे-जूनमध्ये संध्याकाळी कुंपणाच्या कडेला अर्धवट वाढलेले ससे ढिगाने असतात, त्यांना बिळाचा रस्ता अजून नीट पाठ नसतो, चार उड्या मारतात, गोंधळतात आणि गवतात चपटे होतात. नवीन कुत्रा जातो आणि उचलतो. मालक खूश. पण म्हातारा कपाळाला हात लावायचा, तो म्हणायचा कुत्रा यातून पळायला शिकत नाही, वेचायला शिकतो. आणि लहान सशाची हाडं इतकी नाजूक की जरा जोरात धरला तरी चुरा होतो, मग कुत्र्याला चावून टाकायची सवय लागते, कधी तिथेच गिळून मोकळा. चांगल्या लर्चरची परीक्षा काय तर ससा जिवंत, न दुखवता मालकाच्या हातात आणून देणं. ते तोंड एकदा बिघडलं की गेलं.
मोठा ससा वेगळंच प्रकरण. बिळापासून फार लांब चरतच नाही, कान वर, आणि उठला की सरळ बिळाकडे. हिवाळ्यात तर सगळं गवत बसलेलं असतं आणि उरलेले ससे म्हणजे उन्हाळाभर सगळ्यांना पुरून उरलेले, ते काही चुकत नाहीत. तिथे कुत्र्याला आधी डोकं लावून बीळ आणि ससा यांच्या मध्ये यावं लागतं. म्हाताऱ्याची कुत्री हे करायची, आमच्याकडे बघायची पण नाही, सरळ उलट दिशेला चालू पडायची आणि मी पहिल्यांदा तिला वेडी समजलो होतो.
तो उन्हाळ्यात मोठ्या सशांना पण हात लावायचा नाही, कारण मादी मारली तर बुजवलेल्या बिळातली पिल्लं आत उपाशी मरतात. त्यामुळे त्याचा सीझन थंडीतच, आणि कुत्रा वर्षाचा झाल्याशिवाय नाहीच.
पण बाळ्या, यातलं मंगळवेढ्याला काहीही लागू नाही रे. ना बीळ, ना सूट.

ऐरोलीचे_सांगोलेकर_काका
बाळ्या बेटा, मी तुझ्या मामाच्याच मुलखातला. आता लेकाकडे ऐरोलीला असतो, गुडघ्यांमुळे. मामाला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं पिल्लाचं बोलू नका.
आमच्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, घरी दोन कारवान होते, मेंढरांबरोबर फिरायचे. तेव्हा हा १९७२ चा कायदा अजून आलाच नव्हता, ससा उठला की कुत्री सुटायची, खोटं कशाला बोलू. पण लहान पिल्लावर कुत्रं तयार करायचं हे मी कधी पाहिलं नाही आणि त्याचं कारण दया नव्हती, कारण असं की आपलं पिल्लू पळतच नाही.
एकदा हरभरा उपटताना माझ्या हाताला एक लागलं. ओंजळीत मावेल एवढं, कान पाठीला चिकटवलेले, डोळे टक्क उघडे, आणि पोट एवढं धडधडत होतं की मला वाटलं आता फुटतं. मी हात काढून घेतला तर तिथेच. मागून आमचा मोत्या आला, त्याच्यापासून वीतभर अंतरावरून गेला, त्याला ना दिसलं ना वास आला. हे कुत्रं नजरेवर पळतं, हलेल त्याच्या मागे जातं. न हलणाऱ्या पिल्लावर त्याला काय शिकवणार, कप्पाळ? माझ्या आईने त्यावर हरभऱ्याचा पाला टाकला आणि तेवढं एक सरी सोडून आम्ही पुढे गेलो. संध्याकाळी आई येते त्याची, दिवसभर जवळ फिरकत नाही.
मोठा ससा म्हणशील तर तो सरळ पळतो असं दाखवतो आणि कुत्र्याचं तोंड शेपटीला आलं की काटकोनात वळतो. कुत्रं पुढे घसरत जातं, बांधावर आपटतं, खांदा भरतो. आमचा दुसरा कुत्रा असाच एका विहिरीच्या काठाने गेला आणि पुढचा पाय मोडून बसला, त्यानंतर तीन पायांवर मेंढरांमागे. ससा मात्र पलीकडच्या ज्वारीत. नऊ महिन्यांच्या पोराला हे करायला लावू नको.

दहिसरचा_बाळ्या
काका 🙏 मोत्याचं वाचून एकदम बरं वाटलं आणि दुसऱ्याचं वाचून वाईट. मामाला फोन केला, तो बोलला "तू मुंबईत राहून लई शहाणा झालास." पण कायद्याचं सांगितल्यावर जरा गप्प झाला.
मग आता ह्याची पळायची खाज कशी भागवू? बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तीन चकरा म्हणजे त्याला काहीच नाही.

पश्मी_आणि_पाव
माझ्याकडे दोन आहेत, एक कारवान, एक पश्मी (तीच जात जवळपास, कानाशेपटीला केस जास्त). शिकार न करता पण यांची हौस भागते, प्लास्टिकच्या पिशवीवर.
जुनी सायकल घे, मागच्या चाकाचे टायर-ट्यूब काढून टाक, सायकल उलटी करून घट्ट बांध. रिमच्या खाचेत दोरी गुंडाळायची, दुसरं टोक शंभर-दीडशे मीटर लांब नेऊन त्याला पांढरी पिशवी बांधायची, आणि पेडल मारत सुटायचं. पिशवी जमिनीवरून सळसळत येते आणि माझा कारवान जो घरात बॉलकडे बघत नाही तो तिच्यामागे वेडा होतो. दोरी सुती घे, नायलॉन पायात अडकलं तर मांजासारखं कापतं, माझ्या पश्मीच्या टाचेला तीन टाके पडलेत. पिशवी कुत्र्याच्या फार पुढे ठेवू नको आणि शेवटी एकदा तरी धरू दे, नाहीतर तो दोरी खेचणाऱ्याकडेच बघायला लागतो.
पण काका म्हणतात तेच, नऊ महिने म्हणजे हाडं अजून वाढतायत. या उंच जातींना वर्ष-सव्वा वर्ष तरी लागतं. तोवर सरळ रेषेत, आठवड्यातून एकदोनदा, दोनतीन धावा, बस. वळणं अजिबात नकोत. जेवण करून तीनचार तास जाऊ देत, यांची छाती खोल असते, भरल्या पोटी पळवलं तर पोटाला आत पीळ पडतो आणि ते जिवावर बेततं. आणि सिमेंटवर नाही, ओहोटीला ओल्या वाळूवर. आम्ही सकाळी साडेपाचला गोराईला जातो, आठनंतर ऊन आणि क्रिकेटवाले दोन्ही येतात.
घुशीचं औषध नाही. पट्टा हाताला गुंडाळणं बंद कर आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घे. आणि घुशीला तोंड लावू देऊ नको, पावसाळ्यात लेप्टोचं (घुशी-उंदरांच्या मुतातून होणारा आजार) इंजेक्शन दिलंयस ना?

दहिसरचा_बाळ्या
दिलंय दिलंय. अपडेट देतो. रविवारी खाडी ओलांडून गोराईला नेला, सायकल नव्हती म्हणून मीच पिशवी बांधलेली दोरी घेऊन पळालो. चाळीस मीटरवर त्याने पिशवी सोडून मलाच पाडलं. पँटची शिवण गेली. सायकलचं चाक कुणाकडे जुनं पडलंय का, बोरिवली-दहिसर साइडला, मी येऊन घेऊन जाईन.

ऐरोलीचे_सांगोलेकर_काका
पिशवी सोडून माणूस धरला म्हणजे डोळा चांगला आहे त्याचा. जास्त हलणारं तेच होतं.

साडेआठची_विरार
काका 😂😂 चाक आहे माझ्याकडे, नालासोपाऱ्याला ये. एक स्पोक तुटलाय.