'टॅपवर टॅप करा'ला मराठीत काय म्हणाल?

पाटीपेन्सिल
मंडळी, अडलेय. पुण्यातल्या एका पबसाठी मराठी मजकूर लिहायचं काम आलंय. भिंतीत आठ तोट्या आहेत, प्रत्येकीवर छोटा स्क्रीन. गिऱ्हाइकानं काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, स्क्रीनला लावायचं आणि आपली बिअर आपणच ओतून घ्यायची. मिलिलिटरप्रमाणे पैसे कापले जातात. मूळ इंग्रजी मजकुरात सगळा टॅपचाच खेळ आहे. आज टॅपवर काय, कार्ड टॅप करा, टॅप उघडा, माहितीसाठी स्क्रीनवर टॅप करा. यंत्रानं केलेलं भाषांतर असं आलं: 'टॅप सुरू करण्यासाठी टॅपवर टॅप करा.' मालक म्हणतात, कळतंय की! मला तर नाही बुवा कळत. मी पहिल्या खर्ड्यात 'आज नळाला' असं लिहिलं, तर विचारतात, "रोज की एक दिवसाआड?" एका ओळीत बावीस अक्षरं मावतात. सुचवा.

शेवगा
'आज नळाला' वाचून मी अर्धी झोपेतून उठले. आमच्या चाळीत पहाटे साडेचारला हीच आरोळी असायची. नळ म्हटला की हंडा, रांग आणि भांडण आलंच, त्यात बिअर कुठे बसवणार? 'तोटी' घ्या ना. तुम्ही स्वतःच प्रश्नात 'आठ तोट्या' लिहिलंय. 'आजच्या तोट्या'. झालं काम.

रंकाळा
तोटी झारीला असत्या ओ. नळाला चावी. आमच्याकडं 'चावीला पाणी आलंय' असंच म्हणत्यात. 'चावीची बिअर' लिवा, कोल्लापूरचं निम्मं गिऱ्हाईक तिथंच येतंय बघा.

बोरू
चावी म्हणजे किल्ली. नळाची जी मूठ फिरवतात तिला कोणी चावी म्हणत असेल, पण सबंध नळाला चावी म्हणणं हा निव्वळ स्थानिक घोटाळा आहे. प्रमाण मराठीत असा प्रयोग नाही.

रंकाळा
माझी आज्जी साठ वर्षं चौकातल्या चावीवर भांडली. तिला येऊन सांगा घोटाळा हाय म्हणून. मी मधी पडणार नाही.

मांडवीकाठ
भांडू नका, चावी तुम्हां दोघांचीही नाही. ती पोर्तुगिजांची. पाव, बटाटा, तंबाखू यांच्याच गलबतातून उतरलेली. आणि त्याच गलबतातून आलं पिंप. मूळ 'पिपा', म्हणजे दारू भरायचं लाकडी पीप. आपण त्यात पाणी भरून ते न्हाणीघरात ठेवलं, इतकंच. तेव्हा 'पिंपातली बिअर' म्हणा, शब्द आपल्या घरी परत जाईल. (फेणीचं नावही फेणावरून, म्हणजे फेसावरूनच पडलं असं आमच्याकडे सांगतात. ग्लासात ओतताना मणी किती वेळ टिकतात ते म्हातारे अजून बघतात.)

पाटीपेन्सिल
'पिंपातली' आवडलं. पण भिंतीमागे पिंपं नाहीत, स्टीलचे केग आहेत, त्यांना वायूच्या दाबाची नळी. आणि पिंपातून पाणी काढतात ते तांब्यानं.

बोरू
मुळात 'बिअर' हाच शब्द का? यवसुरा म्हणा. यव म्हणजे जव, सुरा म्हणजे मद्य, दोन्ही शब्द आपले. आणि मायक्रोब्रुअरीला, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्याला, 'लघु आसवनी'. शासनव्यवहारात डिस्टिलरीला आसवनी म्हणतातच.

वैद्यबुवा
बोरूराव, इथं मात्र मला बोलावंच लागेल. आसव हा आमच्या पोटापाण्याचा शब्द आहे. कुमारीआसव, द्राक्षासव वगैरे. त्यात ऊर्ध्वपातन नसतंच. औषधी द्रव्यं, गूळ किंवा मध आणि धायटीची फुलं घालून आंबवतात, जो काही मद्यांश तयार होतो तो आपोआप. म्हणजे जिथे वाफ करून पुन्हा थंड करतात त्या कारखान्याला 'आसवनी' हे नाव देणं हीच पहिली चूक.

दुसरं, बिअर हे आसवही नव्हे. द्रव्यं न उकळता आंबवली तर आसव, आधी काढा करून मग आंबवला तर अरिष्ट. आता बिअर कशी करतात बघा. सातू भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे. ते गोड पाणी निथळून त्यात हॉप्सची फुलं टाकायची आणि तासभर खळखळून उकळायचं. हा झाला काढा. मग तो थंड करून त्यात यीस्ट. आमच्या शास्त्राप्रमाणे बिअर हे शुद्ध अरिष्ट आहे.

शेवगा
'आजची अरिष्टे'!!! अक्षरं मोजली, सहज मावतात. पाटीपेन्सिलताई, हेच द्या.

तात्पुरता
आणि क्राफ्ट बिअरला 'हाताने घडवलेली' म्हणू नका म्हणजे मिळवली. हात आला की मागोमाग भट्टी येते, आणि भट्टीमागून एक्साइजवाले.

सातासमुद्रापार
उशिरा येतोय, इथे लीड्समध्ये आत्ता संध्याकाळ आहे. टॅपवरून आठवलं. इथले जुने लोक डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात. माझ्या शेजारच्या आजोबांना मी सांगितलं की हे आमच्या नाशिकजवळचं देवळाली, तर त्यांना पटेना. ब्रिटिश फौजेचा तिथे तळ होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी न्यायला जहाजं यायची ती हिवाळ्याच्या महिन्यांतच. हंगाम चुकला की पुढली जहाजं येईपर्यंत उन्हात नुसतं बसून राहायचं. काम नाही, दारू आहे. त्यातून जो भ्रमिष्टपणा यायचा त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे. हा टॅप म्हणजे आपला ताप!

तात्पुरता
आणि पुण्यात २००९ साली सुरू झालेली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, तिचं नाव 'डूलाली'च. म्हणजे देवळाली बोटीनं विलायतेला गेली आणि वेडी होऊन पुण्याला परत आली. बरं झालं देवळाली हा किल्ला नाही. २०२२ पासून दारू विकणाऱ्या दुकानांना गडकिल्ल्यांची आणि थोरामोठ्यांची नावं देता येत नाहीत.

बोरू
पाहा! टॅप म्हणजे ताप, आणि ताप संस्कृत. तेव्हा नळाचा टॅपही मुळात आपलाच असणार. भट्टी तापवून जिथून रस काढतात ते ठिकाण म्हणजे ताप. इंग्रजांनी उचलला.

सातासमुद्रापार
काहीतरीच काय! नळाचा टॅप जुना जर्मॅनिक शब्द आहे, पिपाला मारायच्या खुंटीचा. डच लोकही टॅपच म्हणतात, जर्मन झाप्फेन म्हणतात. इंग्रज देवळालीला यायच्या कित्येक शतकं आधीपासून. ताप निराळा, टॅप निराळा.

बोरू
कित्येक शतकं आधी तरी त्यांना तो दिला कोणी?

शेवगा
😂 मी पाणी आणायला जाते. चावीवर.

पाटीपेन्सिल
मंडळी, टॅप वाढतच चाललेत. नळाचा, बोटाचा, कार्डाचा, आता तापाचाही. फोन टॅप होतो तो अजून कोणी काढला नाही हे नशीब. मला निदान बोटाचा आणि कार्डाचा सोडवून द्या. 'टिचकी मारा' चालेल?

तात्पुरता
टिचकी माउसच्या काळातली. तेव्हा क्लिकला टिचकी म्हणत होतो आणि आवाजही तसाच यायचा. काचेवर बोट ठेवायला टिचकी कशी म्हणणार? कार्डाला टिचकी मारली तर ते टेबलाखाली जाईल. 'थाप' तर नकोच, मालक काहीतरी लपवतोय असं वाटेल.

झुळूक
पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे बसमध्ये कंडक्टर म्हणतात, "कार्ड टेकवा." सगळ्यांना कळतं.

बोरू
टेकवतात ते डोकं, देवापुढे. इथे 'स्पर्शवा' हवं.

रंकाळा
'स्पर्शवा' वाचून माणूस हात धुऊन येईल ओ.

वैद्यबुवा
नळावरून एक राहिलं. नळ-दमयंतीच्या कथेत नळराजा बाहुक होऊन स्वयंपाक करत असतो. तो नुसता रिकाम्या घड्याकडे बघतो आणि घडा पाण्यानं भरतो. ना चावी, ना कार्ड. यावरूनच नळाला नळ म्हणत असावेत असं आमचे गुरुजी म्हणत. (नळ म्हणजे पोकळ वेत किंवा बोरू, हे खरं मूळ. पण गुरुजींचं जास्त छान.)

बोरू
माझं नाव मध्ये आणायची गरज नव्हती.

पाटीपेन्सिल
काल शेवटी जाऊन यंत्र स्वतःच वापरून बघितलं. कार्ड टेकवलं (झुळूक, थँक्यू, हाताला आपोआप तेच झालं). भीत भीत मूठ अर्धीच ओढली. नुसता फेस. ग्लासात पांढरा ढीग आणि स्क्रीनवर १४० मिलिलिटर! फेसाचेही पैसे कापले. तिथला मुलगा धावत आला आणि म्हणाला, मूठ पूर्ण ओढायची, अर्धवट उघडली की फेसच येतो. ग्लास तिरका धरायचा आणि भरत आला की सरळ करायचा. तसं केल्यावर मग सोनेरी, वर दोन बोटं फेस. इंग्रजीत त्याला हेड म्हणतात, त्याचीही एक ओळ मजकुरात आहे. 'फेस' लिहिलं तर मालकांना वाटतं साबणाची जाहिरात आहे.

रंकाळा
साय म्हणा.

मांडवीकाठ
साय दुधावर येते, आणि ती आली की आपण ती बाजूला काढतो.

तात्पुरता
फेसाला फेसच म्हणा हो. त्याचे पैसे का कापले ते विचारा आधी.

सातासमुद्रापार
इथे पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आणि हेड फार मोठं आलं तर माणूस सरळ ग्लास परत देतो, "वर भरून द्या" म्हणून. तिथे काय करतात?

शेवगा
५६८? आमच्याकडे तर पिंट म्हणजे ३३० ची छोटी बाटली. "एक पिंट दे" म्हटलं की वेटर तीच आणतो.

सातासमुद्रापार
मग ती पिंट नव्हेच.

तात्पुरता
का नव्हे? चपटी १८० ची, खंबा ७५० चा, पिंट ३३० ची. ज्या गावात पितो त्या गावचं माप.

बोरू
मुळात ती पिंट की तो पिंट?

पाटीपेन्सिल
थांबा थांबा. स्क्रीनवर एक बटण 'पूर्ण पिंट'चंही आहे. त्यावर मी आता आकडा कोणता टाकू?