नागराज मंजुळेंचे सिनेमे कुठून सुरू करू?

धरमपेठवाला: काल झुंड, तो झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉलचा, परत पाह्यला, आता मागचेही सगळे पाहीन म्हणतो. शहरातली गरिबी दाखवणारा त्यांचा हा एकच आहे का?

ऑरेंजसिटी: मोठ्या सिनेमांत पूर्ण शहरातला हाच, 2022 चा. फँड्री (2013) अन् सैराट (2016) गावाकडचे, सैराटचा दुसरा हाफ तेवढा हैदराबादच्या झोपडपट्टीतला. पण भाऊ आधी पिस्तुल्या पाह्य, छोटीशी फिल्म आहे, त्या पोराला शाळेत जायचं असते बस, राष्ट्रीय पुरस्कार होता तिला

बर्डीकर: झुंडची खरी मजा भाषेत आहे बे, पोरं इथलीच घेतली ना, अंकुश गेडाम आपल्या नागपूरचाच, बोलतो तर वाटते आपल्याच चौकात उभा आहे. अन् ती कॉलेज अन् झोपडपट्टीच्या मधातली भिंत, एवढी एकच गोष्ट डोक्यातून जात नाही माझ्या. दुसरा हाफ मात्र लांबला, पोरांच्या बाहेरदेशी खेळाले जायच्या पासपोर्टचं लय ताणलं

ऑरेंजसिटी: ताणलं काऊन? कागदपत्रं जमवाले असंच लागते गरीब माणसाले, माह्या कामवाल्या मावशी एका दाखल्यापायी चारदा चकरा मारून आल्या

धरमपेठवाला: अन् झुंडमधले ते फुटबॉल शिकवणारे सर खरे आहेत ना?

बर्डीकर: हो, विजय बारसे, हिस्लॉप कॉलेजले स्पोर्ट्स शिकवायचे, 2001 मध्ये स्लम सॉकर, म्हणजे झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल, सुरू केलं त्यांनी