सीनेच्या पुरात वाट्याने केलेलं पीक गेलं, सातबारा दुसऱ्याचा. मदत कोणाला?

सीनाकाठची (माढा तालुका), ऑक्टोबर 2025

नमस्कार. सप्टेंबरच्या 22 तारखेनंतर सीना नदीचं पाणी आमच्या गावात शिरलं. आमच्या महसूल मंडळात मदतीसाठी धरतात तेवढा पाऊस नव्हता, सगळं पाणी वरून आलं. रात्री दोन्ही पोरांना घेऊन मी शाळेच्या वरच्या मजल्यावर गेले. घरात तीन दिवस पाणी होतं. आता गाळ खिडकीच्या चौकटीपर्यंत आहे. ज्वारीच्या कणगीत हात घातला तर आतून गरम वाफ येते, ज्वारीला मोड आलेत.

माझी अडचण अशी. स्वतःची जमीन अडीच एकर, सोयाबीन होतं. सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर, ते वारले. माझे मिस्टरही दोन वर्षांपूर्वी गेले. दीर पिंपरीला असतात. शिवाय नदीकाठची चार एकर मी वाट्याने करते. जमिनीचे मालक पुण्याला, मका आणि तूर होती. बी-खत निम्मं माझं, राबणं सगळं माझं. गाठीचे 11,400 रुपये त्यात गेलेत, कष्टाचा हिशोब धरलेलाच नाही.

दोन गाई होत्या. एक दावणीलाच मेली, दुसरी वाहून गेली, सापडली नाही. पंचनाम्याला आलेले म्हणाले, "वाहून गेलेलीचा पुरावा काय?" आणि मक्याबद्दल म्हणाले, "ज्याचा सातबारा त्याचं नाव." त्या चार एकरांत मालक या वर्षी एकदाही आले नाहीत. मला नक्की काय मिळू शकतं? कोणी नीट सांगेल का?

माजी तलाठी (करमाळा)

ताई, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. 65 मिलिमीटर पावसाचा निकष अतिवृष्टीसाठी आहे. तुमचं नुकसान नदीच्या पुराने झालंय, त्यामुळे मंडळात पाऊस किती पडला हे आड येत नाही. पिकासाठी पाहतात ते 33 टक्के किंवा जास्त नुकसान. तुमचं तर पूर्णच गेलंय.

आता चार गोष्टी वेगवेगळ्या धरा, कारण प्रत्येकीचा हक्कदार वेगळा आहे. लोक सगळं सातबाऱ्यावर ढकलतात आणि बायाबापड्या हात हलवत परत जातात. 31 वर्षं नोकरीत हेच पाहिलं.

गाई ज्याच्या त्याच्या. सातबाऱ्याचा काही संबंध नाही. दुभत्या मोठ्या जनावराला 37,500 रुपये आहेत. मेलेल्या गाईचा पशुवैद्यकीय दाखला घेतलाय ना? वाहून गेलेलीसाठी तिच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर शोधा, लसीकरणाच्या नोंदीत असतो. डेअरीच्या दूधाच्या चिठ्ठ्या काढा. शेजारच्या दोघांना पंच करून वेगळा जबाब लिहून घ्यायला सांगा आणि तो लिहिल्याशिवाय उठू नका.

घर आणि भांडीकुंडी राहणाऱ्या कुटुंबाची. पाणी दोन दिवसांच्या वर होतं ही नोंद पंचनाम्यात आलीच पाहिजे.

सोयाबीन सातबाऱ्यावरच्या खातेदाराचं, म्हणजे सासऱ्यांचं. मयताच्या खात्यावर पैसे जाणार नाहीत. आजच वारस नोंदीचा अर्ज करा: मृत्यूचे दोन्ही दाखले, रेशनकार्ड, वारसांची नावं. तुम्ही, तुमची मुलं आणि दीर असे सगळे येतील. दिरांचं संमतीपत्र घेतलं की रक्कम तुमच्या खात्यावर येऊ शकते. या वर्षी जिवंत सातबारा मोहीम त्याचसाठी काढली होती, तेव्हा राहिलं असेल तर आता करा. 7 ऑक्टोबरला जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये कोरडवाहूला हेक्टरी 18,500 आहेत, त्यातले 10,000 रब्बीच्या बियाण्या-खतासाठी. मर्यादा तीन हेक्टर, म्हणजे तुमचं सगळं रान बसतं.

राहिली मका. तिथे मात्र कागदावर तुमचं नाव कुठेच नाही. खोटी आशा लावत नाही.

शिरोळचा (कोल्हापूर जिल्हा)

2019 आणि 2021, दोन्ही पूर अंगावर घेतलेत. ताई, भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू नका. आम्ही घाईने चुना मारला आणि नंतर "पाणी इथपर्यंत आलंच नव्हतं" हे ऐकावं लागलं. रेघेला टेप लावून फोटो काढा, फोटोत तुम्ही स्वतः उभ्या राहा. पंचनाम्याचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. माझ्या चुलत्याच्या कागदावर "अंशतः" लिहिलेलं, घराची मागची भिंत आडवी झालेली असताना. "अंशतः" आणि "पूर्णतः" या दोन शब्दांत लाखाचा फरक पडतो. पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500.

यादी लागली की ग्रामपंचायतीत जाऊन नाव बघा. ई-केवायसीसाठी (आधारवरून ओळख पटवण्यासाठी) विशिष्ट क्रमांक मिळतो, तो फोनमध्ये जपून ठेवा. शेतकरी ओळख क्रमांक असेल तर ई-केवायसीही लागणार नाही.

जमीनमालक, पुणे

मीही जमीन वाट्याने दिलेली आहे, मोहोळकडे. खरं सांगतो, आम्ही लिहून का देत नाही ते. घरात लहानपणापासून एकच ऐकलंय, "लिहून दिलं की कूळ लागतं." 1957 साली कूळ कायद्यात आजोबांची नऊ एकर गेली, ती भीती अजून गेलेली नाही. पण त्या भीतीची किंमत माझ्या वाटेकऱ्याने मोजावी हे बरोबर नाही. गेल्या खेपेला मदत माझ्या खात्यावर आली, ती तशीच त्याला पाठवली. नांगरट त्याची, रात्रीचं पाणी त्याने दिलं, माझं फक्त नाव होतं.

ताई, तुमच्या मालकांना फोन करा. लाजू नका, भांडूही नका. गाळाचा फोटो पाठवा आणि विचारा, "अण्णा, मदत आली तर माझ्या वाट्याचं काय?" मदत जमा व्हायच्या आधी विचारा. पैसे आल्यावर विचारलं की मनात वेगळं येतं.

पुढच्या हंगामासाठी त्यांच्याशी नोंदणीकृत भाडेकराराचं बोला. तो असला तर पीकविमा तरी तुमच्या नावाने भरता येतो.

सीनाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. माजी तलाठी भाऊ, तुम्ही चार गोष्टी वेगळ्या केल्यात तेव्हा पहिल्यांदा डोकं शांत झालं.

बिल्ल्याचा नंबर सापडला! लाळ-खुरकुताच्या लसीची चिठ्ठी देवघराच्या वरच्या फळीवर होती, तिथे पाणी पोचलं नव्हतं. डेअरीचे सचिव सहा महिन्यांच्या नोंदी काढून देतो म्हणाले. शेजारच्या वहिनी आणि त्यांचे सासरे पंच व्हायला तयार आहेत, त्यांनी गाय वाहताना पाहिलीय. ती ओरडत होती आणि आम्ही गच्चीवरून नुसतं बघत होतो.

वारस नोंदीचा अर्ज काल दिला. दीर म्हणाले, "वहिनी, सही कुठे करायची तेवढं सांगा."

पुण्याला फोन केला. मालक म्हणाले, "बघू." मी अर्धे मागितले नाहीत, बी-खताचे 11,400 तेवढे मागितले. ते काही बोलले नाहीत, पण फोनही ठेवला नाही. मग म्हणाले, बांध राहिलाय का ते बघून कळव. उद्या सकाळी जाते. पाणी उतरलंय, पण नदीकडची माती बरीच गेलीय असं वाटतंय. भाऊ, खरडून गेलेल्या जमिनीचा पंचनामा पिकाबरोबरच होतो की वेगळा मागावा लागतो?

माजी तलाठी

वेगळा मागा, त्याची मदत वेगळी आहे, हेक्टरी 47,000. ती मालकांच्या नावानेच येईल. पण किती रान खरडलं हे गावात राहणारं माणूसच दाखवू शकतं, तेव्हा मोजायला येतील त्या दिवशी तुम्ही बांधावर हजर राहा आणि तसं मालकांना आधीच कळवा. उद्या जाताना हातात काठी घ्या, ओल्या गाळाचा भरवसा नसतो.