द्वेष संपला म्हणजेच जखम भरली, असं असतंय काय?

वडगावची लेक:
थोरल्या भावाशी नऊ वर्षं बोलणं बंद आहे. बाबा गेले आणि महिन्याभरात त्यानं घरातले दोन्ही माग भंगारवाल्याला घातले, मला विचारलंसुद्धा नाही. पैसे नको होते मला, खरं एक फोन तरी करायचा की नाही? सगळे म्हणतात माफ कर, तुलाच बरं वाटेल. मला उलटं वाटतंय. ज्याच्यावर जीव नाही त्याचा द्वेष करत कोण बसतंय? शेजारच्यानं केलं असतं तर चार दिवसांत विसरले असते. द्वेष येतोय तर येऊ दे, वरनं माफीचा लेप लावला की आतनं चिघळतंय.

खानापूरचा पाव्हणा:
नाही पटत ताई. ऐकायला गोड आहे, खरं नऊ वर्षं तेच उगाळणं म्हणजे जीव नव्हे, सवय. अमेरिकेत ब्रॅड बुशमननं 2002 मध्ये 600 विद्यार्थ्यांवर प्रयोग केलेला, आधी चिडवलं, मग काहींना पंचिंग बॅग ठोकायला लावली, चिडवणाऱ्याला डोळ्यापुढं आणून. मोकळे होतील म्हणावं तर तेच सगळ्यात जास्त चिडलेले निघाले, गप बसलेले बरे.

निपाणीकर:
लंडनच्या सेमिर झेकीनं 2008 मध्ये 17 जणांना नावडत्या माणसाचा फोटो दाखवून मेंदू स्कॅन केला, प्रेमात जागे होतात त्यातले दोन भाग द्वेषातही जागे. 17 म्हणजे आमच्याकडं एका पंगतीला पण पुरत नाहीत, तेव्हा फार ताणू नका. मजा अशी की प्रेमात पारख करणारा भाग बराचसा झोपतोय, द्वेषात तेवढा नाही.

खानापूरचा पाव्हणा:
तेच की ओ! द्वेषवाला हिशेब ठेवतोय. ताई तारीखवार ठेवालीय.

टिळकवाडीची काकू:
सगळ्यांना एकच औषध देऊ नका रे. माझ्या मैत्रिणीला नवरा मारायचा, तिला दारातनं बाहेर काढलं ते तिच्या रागानंच. तिला कुणी माफ कर म्हटलं तर मी भांडेन. आणि माफ केलं म्हणजे परत त्याच उंबऱ्यात जायचं असं कुठं लिहिलंय? ताई, तू एक कर. पेनेबेकर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहे, त्यानं 1986 मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज 15 मिनिटं मनातलं दुखणं लिहायला लावलं, लिहिल्या लिहिल्या जास्तच वाईट वाटलं त्यांना, खरं पुढच्या महिन्यांत डॉक्टरकडं खेपा कमी झाल्या. लिहून तर बघ.

वडगावची लेक:
लिहिलं काकू. पहिले दोन दिवस नुसत्या शिव्या. तिसऱ्या दिवशी त्या मागांबद्दल लिहायला बसले आणि आलं काय, तर मी सातवीत असताना कांड्या भरताना बोट कापलेलं, ह्या थोरल्यानं अंगातलं बनियन फाडून चिंधी बांधली आणि ‘हिला कामाला मीच बसवलं’ असं सांगून बाबांचा मार खाल्ला. राग गेलेला नाही हं, आधीच सांगते. खरं बाबांच्या दवाखान्याचं बिल तेव्हा कुणी आणि कशातनं भागवलं, हे मी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही.

खानापूरचा पाव्हणा:
मग विचारा की आता.

वडगावची लेक:
तुम्हीच विचारा ओ, नंबर देऊ काय? माझं बोट अजून हिरव्या बटणाच्या वरच थांबालंय.