व्हीपीएन चालू ठेवून बँकेची साइट तेवढी बाहेरून कशी न्यायची?

लातूरकर: व्हीपीएनसाठी (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) वायरगार्ड वापरतो, सर्व्हर जर्मनीत. तो चालू असला की बँकेची साइट उघडतच नाही. सातबारा काढायला बसलो तरी नुसतं चाक गरगरतं, मागून बाबांचं "निघाला का रे?" सुरूच. दरवेळी बंद-चालू करून वैतागलोय राव. लॅपटॉपवर विंडोज आहे.

परभणीचा: काही साइट व्हीपीएनच्या बाहेरून नेणं, याला स्प्लिट टनेलिंग म्हणतात. तुझ्या वायरगार्ड सेटिंगमधल्या 'अलाउड आयपीज'मध्ये ०.०.०.०/० असणार, म्हणजे झाडून सगळं बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून. आधी तिथलीच 'ब्लॉक अनटनेल्ड ट्रॅफिक'ची (बोगद्याबाहेरचं सगळं अडवणारी) टिक काढ, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात. मग साइटचा आयपी (नेटवरचा आकडी पत्ता) एनएसलुकअप कमांडने काढ आणि अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

रूट अ‍ॅड <आयपी> मास्क २५५.२५५.२५५.२५५ <राउटरचा आयपी>

(इंग्रजीत टाक बरं, नाहीतर असंच चिकटवशील!) एकाच आयपीचा नेमका रूट (वाट) सगळ्यांसाठीच्या मोठ्या रूटवर भारी पडतो.

बीडकर: साइट सीडीएनवर (एकच साइट अनेक सर्व्हरांवरून पुरवणारं जाळं) असली तर आयपी बदलत राहतो, मग पुन्हा तेच. फोनवर सोपं आहे: अँड्रॉइडच्या वायरगार्डमध्ये बँकेचं अ‍ॅपच वगळता येतं.

लातूरकर: टिकच नडत होती! सातबारा निघाला. बँकेचे मात्र तीन आयपी निघाले, तिन्ही टाकले. रीस्टार्टनंतर रूट उडाले ते वेगळंच.

परभणीचा: कमांडच्या मागे -पी लाव की, रूट कायम राहतो.